क्षेत्र कोणाचे आणि प्रभार कोणाचा? : वाचकांचे प्रश्न, भौतिकशास्त्राची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे विद्युत क्षेत्राविषयीची आहेत. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण तेथे झालेला गोंधळ पुढच्या प्रत्येक प्रकरणात विद्यार्थ्याच्या सोबत येतो.

प्रश्न : विद्युत क्षेत्राची तीव्रता म्हणजे बल भागिले चाचणी प्रभार (क्षेत्र मोजण्यासाठी त्या जागी आणून ठेवलेला प्रभार), अशी व्याख्या आमच्या पुस्तकात आहे. मग चाचणी प्रभार दुप्पट केला तर तीव्रता निम्मी व्हायला हवी. पण सर म्हणतात की तीव्रता चाचणी प्रभारावर अवलंबून नसते. ती अवलंबून नसेल, तर हा प्रभार ‘अतिशय लहान, शून्याकडे जाणारा’ असावा अशी अट तरी कशासाठी? (बारावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांतला दुसरा अधिक खोल आहे. आधी पहिला घेऊ. छेदस्थानची राशी वाढली की उत्तर घटते, हे तेव्हाच खरे ठरते जेव्हा अंश जागचा हलत नाही. येथे अंशस्थानी बल आहे आणि ते स्थिर नाही. फ्रान्समध्ये शार्ल कूलोम यांनी १७८५ साली तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने जो नियम सिद्ध केला, त्यानुसार दोन प्रभारांमधील बल त्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे चाचणी प्रभार दुप्पट झाला की बलही दुप्पट होते आणि भागाकार तेथेच राहतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहा. दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या धातूच्या गोळ्यावर १ मायक्रोकूलोम धन प्रभार आहे आणि गोळ्याच्या केंद्रापासून ३० सेंटीमीटर अंतरावरचा एक बिंदू आपण निवडला आहे. कूलोमच्या नियमातील स्थिरांक सुमारे ९ अब्ज आहे. त्या बिंदूवर १ नॅनोकूलोम प्रभार ठेवला तर त्यावर न्यूटनाचा दहा हजारावा भाग इतके बल लागेल, २ नॅनोकूलोम ठेवला तर त्याच्या दुप्पट आणि ५ नॅनोकूलोम ठेवला तर पाचपट. तिन्ही वेळा बलाला प्रभाराने भागा. उत्तर १ लाख न्यूटन प्रति कूलोम हेच येते. ऋण प्रभार ठेवला तर बलाची दिशा उलटते, पण ऋण संख्येने भागताना ती पुन्हा उलटते, त्यामुळे तीव्रतेची दिशा गोळ्यापासून दूर जाणारी अशीच राहते. अंतर मात्र बदलून पाहा. बिंदू ६० सेंटीमीटरवर नेला की तीव्रता एक चतुर्थांश, म्हणजे २५ हजार न्यूटन प्रति कूलोम होते. तीव्रता बदलते ती जागेप्रमाणे आणि स्रोत प्रभाराप्रमाणे. तेथे आणून ठेवलेल्या पाहुण्या प्रभाराप्रमाणे नव्हे.

बाजारात तूरडाळीचा भाव आपण याच रीतीने काढतो. दिलेली रक्कम भागिले घेतलेले वजन, असा तो हिशेब असला तरी दोन किलो डाळ घेतली म्हणून भाव निम्मा होत नाही, कारण रक्कमही दुप्पट द्यावी लागते. भाव त्या दिवसाचा आणि त्या बाजाराचा असतो, गिऱ्हाइकाचा नसतो. मात्र एखादा व्यापारी शेकडो क्विंटलची खरेदी करायला उतरला, तर त्याच्या खरेदीनेच बाजार हलतो आणि तो विचारायला आला तेव्हाचा भाव त्याला मिळत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

आपला गोळा धातूचा आहे, म्हणजे त्यावरचा प्रभार मोकळेपणाने फिरू शकतो. त्या बिंदूवर १ नॅनोकूलोम प्रभार आणला तर गोळ्यावरच्या प्रभाराची मांडणी इतकी किंचित बदलते की तो बदल मोजण्यातही येणार नाही. पण तेथे गोळ्याइतकाच, म्हणजे १ मायक्रोकूलोम धन प्रभार आणला, तर गोळ्यावरचा धन प्रभार मागच्या बाजूला रेटला जातो. आसपास दुसरे काही नाही असे धरून हिशेब केला, तर बल भागिले प्रभार याचे उत्तर आता १ लाख न येता सुमारे ९१ हजार येते. तितकाच ऋण प्रभार आणला तर गोळ्यावरचा धन प्रभार जवळच्या बाजूला ओढला जातो आणि उत्तर सुमारे १ लाख ९ हजार येते. भागाकार चुकलेला नाही. आपण ज्या मांडणीचे क्षेत्र मोजायला निघालो होतो, ती मांडणीच राहिलेली नाही. चाचणी प्रभार लहान घ्यावा ही अट स्रोताची मूळ मांडणी मोडू नये म्हणून आहे. स्रोत प्रभार एखाद्या विद्युतरोधकावर जागच्या जागी पक्के बसवलेले असतील, तर चाचणी प्रभार कितीही मोठा घेतला तरी उत्तर तेच येईल आणि या अटीची गरज उरणार नाही. काही पुस्तकांत ही अट कोणतेही कारण न देता छापलेली असते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. त्यापेक्षा ती न सांगितलेली परवडली, असे माझे मत आहे. ‘शून्याकडे जाणारा’ हे गणिताचे बोलणे आहे हेही ध्यानात ठेवावे. मोकळा मिळू शकणारा सर्वांत लहान प्रभार इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन यांचा असतो आणि त्याच्या खाली जाता येत नाही.

यातून आणखी एक शंका निघते आणि ती दुसऱ्या एका पत्रात आली आहे : चाचणी प्रभार उचलून घेतला की तेथे क्षेत्र उरते का? होय, उरते. क्षेत्र ही केवळ हिशेबाची सोय असती, तर दोन प्रभारांच्या मधल्या रिकाम्या जागेत काही आहे असे म्हणण्याचे कारण नव्हते. पण हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये केलेल्या प्रयोगांत एका ठिकाणच्या ठिणगीने खोलीत काही अंतरावर ठेवलेल्या, तारेने न जोडलेल्या कड्याच्या फटीत ठिणगी पाडून दाखवली. सूर्यावर हललेल्या प्रभाराचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढा वेळ त्या परिणामाची ऊर्जा वाटेत असते आणि ती वाहून नेणारे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रच असते.

प्रश्न : माझ्या मुलाने दोन समान धन प्रभारांच्या मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य काढले, ते बरोबर निघाले. मग एक प्रभार धन आणि दुसरा तितकाच ऋण घेतल्यावरही त्याने शून्यच काढले, ते चुकले. अधिक आणि उणे मिळून शून्य व्हायला नको का? (पालक, लातूर)

उत्तर : आपल्या मुलाने जी बेरीज केली ती विभवाला, म्हणजे एकक धन प्रभारामागच्या, व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या स्थितिज ऊर्जेला लागू पडते, क्षेत्राला पडत नाही. विभव अदिश आहे, त्याला फक्त चिन्ह असते. क्षेत्राची तीव्रता सदिश आहे आणि तिला दिशा असते, म्हणून तेथे बेरीज बाणांची करावी लागते.

दोन प्रभार एकमेकांपासून ६० सेंटीमीटर अंतरावर आहेत आणि प्रत्येकाचे परिमाण २ नॅनोकूलोम आहे असे समजा. मध्यबिंदू प्रत्येकापासून ३० सेंटीमीटरवर आहे. तेथे प्रत्येकाच्या क्षेत्राचे परिमाण २०० न्यूटन प्रति कूलोम इतके येते. दोन्ही प्रभार धन असतील तर डावीकडचा प्रभार चाचणी प्रभाराला उजवीकडे ढकलतो, उजवीकडचा डावीकडे ढकलतो आणि क्षेत्र शून्य होते. विभव मात्र शून्य होत नाही. प्रत्येकाचे ६० व्होल्ट मिळून ते १२० व्होल्ट असते. आता उजवीकडचा प्रभार ऋण करा. डावीकडचा उजवीकडे ढकलतो आणि उजवीकडचाही आपल्याकडे, म्हणजे उजवीकडेच ओढतो, म्हणून क्षेत्र ४०० न्यूटन प्रति कूलोम होते आणि विभव शून्य होते. क्षेत्र शून्य असेल तेथे विभव शून्य असलेच पाहिजे असे नाही आणि विभव शून्य असेल तेथे क्षेत्रही शून्य असेल असे नाही. हे दोन्ही मुद्दे या एकाच जोडीत दिसतात.

मुलाला एक सवय लावावी. सूत्रात प्रभाराचे चिन्ह घालूच नये. प्रथम फक्त परिमाण काढावे. त्यानंतर त्या बिंदूवर एक धन प्रभार आहे अशी कल्पना करून, तो कोणत्या बाजूला ढकलला जाईल तिकडे कागदावर बाण काढावा आणि मग बेरीज करावी. चिन्ह सूत्रातही आणि दिशेतही असे दोनदा धरले की उत्तर हमखास बिघडते. सरावासाठी एक उदाहरण देतो : ४ मायक्रोकूलोम आणि १ मायक्रोकूलोम हे दोन धन प्रभार ३० सेंटीमीटर अंतरावर असतील, तर क्षेत्र शून्य असलेला बिंदू मोठ्या प्रभारापासून २० आणि लहानापासून १० सेंटीमीटरवर, दोहोंच्या मध्ये येतो. लहान प्रभार ऋण केला तर तो बिंदू मध्ये राहूच शकत नाही, कारण मध्ये दोन्ही बाण एकाच दिशेला असतात. तो लहान प्रभाराच्या पलीकडे, त्याच्यापासून ३० सेंटीमीटरवर जातो.

प्रश्न : विद्युत बलरेषा खरोखर असतात का? (अकरावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नाही. मायकेल फॅरडे यांनी क्षेत्र डोळ्यांपुढे आणण्यासाठी काढलेले ते चित्र आहे आणि चित्र म्हणून ते फार उपयोगी आहे. रेषेच्या स्पर्शिकेवरून दिशा कळते आणि रेषा दाट असतील तेथे तीव्रता अधिक असते. दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण तसे झाले तर एकाच बिंदूवर क्षेत्राला दोन दिशा असाव्या लागतील. एवढे मात्र लक्षात ठेवा की बलरेषा म्हणजे प्रभाराचा प्रवासमार्ग नव्हे. रेषेवरून त्वरणाची दिशा मिळते, वेगाची नाही. म्हणून वक्र रेषेवर सोडलेला प्रभार सहसा ती रेषा सोडून जातो.

प्रश्न : हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना किंवा दाराच्या कडीला हात लावताना ठिणगी उडते आणि ती काही हजार व्होल्टची असते असे सांगतात. घरातल्या २३० व्होल्टने माणूस दगावतो, मग या हजारो व्होल्टने काहीच कसे होत नाही? शिवाय क्षेत्राचे एकक कोठे न्यूटन प्रति कूलोम, तर कोठे व्होल्ट प्रति मीटर असे दिलेले असते; यांतले खरे कोणते? (निवृत्त कर्मचारी, अकोला)

उत्तर : दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही एकच आहेत. एक व्होल्ट म्हणजे एका कूलोममागे एक ज्यूल आणि एक ज्यूल म्हणजे एक न्यूटन गुणिले एक मीटर. व्होल्टला मीटरने भागले की मीटर निघून जातो आणि न्यूटन प्रति कूलोम शिल्लक राहते. बलाचा हिशेब असेल तेथे पहिले एकक सोयीचे पडते आणि दोन पट्ट्यांमधले विभवांतर मोजले असेल तेथे दुसरे. रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून केलेल्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगात ही दोन्ही एकके समोरासमोर येतात. धातूच्या दोन आडव्या पट्ट्यांमधले विभवांतर आणि अंतर माहीत असल्याने क्षेत्र व्होल्ट प्रति मीटरमध्ये मिळते. थेंबाचे वजन न्यूटनमध्ये असते. क्षेत्राने थेंब अधांतरी तोलून धरला की त्यावरचा प्रभार कूलोममध्ये निघतो. हवेचे उत्प्लावक बल सोडून दिले, तर एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या आणि पाच जादा इलेक्ट्रॉन असलेल्या थेंबाला तोलण्यासाठी मीटरमागे साधारण ४६ हजार व्होल्टचे क्षेत्र लागते, म्हणजे पट्ट्या एक सेंटीमीटर अंतरावर असतील तर ४६० व्होल्ट पुरतात.

आता ठिणगीकडे वळू. कोरडी हवा मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्टचे क्षेत्र झाले की विद्युतरोधक राहत नाही; तिच्यातले मोजके मोकळे इलेक्ट्रॉन इतका वेग घेतात की रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि क्षणात वाट तयार होते. ३० लाख व्होल्ट प्रति मीटर म्हणजे मिलिमीटरला ३ हजार व्होल्ट. अंतर फारच लहान असेल तर याहून थोडे अधिकच लागतात, म्हणून मिलिमीटरभर ठिणगीमागे तीन-चार हजार व्होल्ट असणे स्वाभाविक आहे. अकोल्याच्या कोरड्या थंडीत ते सहज साचतात. कोकणातल्या दमट हवेत प्रभार पृष्ठभागावरून निसटून जातो, म्हणून तिकडे हा अनुभव क्वचित येतो.

धोका केवळ व्होल्टवर ठरत नाही. माणसाच्या शरीराची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर ४ हजार व्होल्टला त्यावर साठलेली ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते आणि ती एका लहानशा क्षणात संपते. घरातली २३० व्होल्टची जोडणी मात्र हात लागून असेपर्यंत विद्युतधारा पुरवत राहते आणि तीच घातक ठरते.

क्षेत्र आणि व्होल्ट यांची गल्लत किती सहज होते, ते दुसऱ्या टोकाकडूनही पाहता येते. आपल्या पेशींच्या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये फक्त ७० मिलिव्होल्टच्या आसपास विभवांतर असते. पण ते आवरण सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे धरले, तर तेथील क्षेत्र मीटरमागे १ कोटी व्होल्ट इतके होते. हवा ज्याच्यापुढे हात टेकते त्याच्या तिप्पट क्षेत्र आपल्या प्रत्येक चेतापेशीच्या आवरणात असते आणि ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

प्रश्न : मोकळ्या हवेतही जमिनीजवळ मीटरमागे १०० व्होल्टचे क्षेत्र असते असे वाचले. मग उभ्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत दीडशेहून अधिक व्होल्ट झाले. झटका का बसत नाही? आणि पावसाळ्याच्या तोंडाला शेतात वीज पडते, तिचा या क्षेत्राशी संबंध असतो का? (माध्यमिक शिक्षक, बीड)

उत्तर : आकडा बरोबर आहे. निरभ्र हवेत जमिनीलगत साधारण तेवढेच क्षेत्र असते आणि त्याची दिशा खाली असते, म्हणजे जमिनीवर ऋण प्रभार असतो. पण हे क्षेत्र आपण तेथे उभे नसताना मोजलेले आहे. माणसाचे शरीर हवेच्या तुलनेत चांगले वाहक आहे. आपण उभे राहताच शरीरातला प्रभार सरकतो आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळे शरीर जमिनीच्याच विभवाला येते, त्यामुळे शरीराच्या दोन टोकांमध्ये विभवांतर उरत नाही. पहिल्या उत्तरातल्या धातूच्या गोळ्याप्रमाणे येथेही आणलेल्या वस्तूने क्षेत्र बदलले आहे. फक्त या वेळी ती वस्तू आपण स्वतः आहोत. शिवाय हवेतून वाहणारी धारा चौरस मीटरमागे काही पिकोअँपियर इतकीच असते, आणि तेवढ्या धारेने झटका बसण्याचा प्रश्नच येत नाही.

याची दुसरी बाजू मात्र काळजीची आहे. शरीराच्या आतून क्षेत्र हटले तरी डोक्याच्या वर ते एकवटते आणि सपाट जमिनीवरच्या क्षेत्राच्या कित्येक पट होते. गडगडाटी ढग डोक्यावर आला की जमिनीवरचे क्षेत्र मीटरमागे काही हजार व्होल्टवर जाते. ढगाच्या तळाशी बहुधा ऋण प्रभार असल्यामुळे त्याची दिशाही उलटते. अशा वेळी उघड्या रानात उभा असलेला माणूस, एकटे झाड किंवा विहिरीवरचा लोखंडी खांब यांच्या टोकाशी क्षेत्र सर्वाधिक असते. ढगातून खाली येणारी विजेची वाट जमिनीजवळ पोहोचली की तिला भेटायला वर निघणारी ठिणगी याच टोकांवरून निघते. केस उभे राहणे किंवा अंगावर मुंग्या आल्यासारखे वाटणे, हे डोक्यावरचे क्षेत्र धोकादायक झाल्याचे चिन्ह आहे. तेव्हा तेथे क्षणभरही थांबू नये. झाडाखाली तर जाऊच नये, कारण झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसाकडे उडी घेते आणि जमिनीतूनही पसरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते विद्यार्थ्यांच्या पालकांना जरूर सुचवावे.

आसरा पक्क्या इमारतीत घ्यावा. ती जवळ नसेल तर धातूच्या बंद टपाच्या मोटारीत. १८३६ साली फॅरडे यांनी धातूने मढवलेल्या खोलीएवढ्या पिंजऱ्यात बसून बाहेर मोठमोठ्या ठिणग्या सोडल्या, तरी आतल्या संवेदनशील उपकरणाला काही जाणवले नाही. वाहकाच्या पोकळीत बाहेरच्या प्रभारांचे क्षेत्र पोहोचत नाही, ते पृष्ठभागावरच्या प्रभाराच्या फेरमांडणीने आतल्या आत पुसले जाते. मोटारीवर वीज पडली तर तिची धारा टपावरून आणि बाजूंच्या पत्र्यावरून जमिनीकडे जाते. मोटार सुरक्षित असते ती या पत्र्याच्या कवचामुळे. रबरी टायरमुळे नव्हे, कारण काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबर अडवू शकत नाही. दुचाकीला आणि उघड्या ट्रॅक्टरला टायर असतात पण कवच नसते, त्यामुळे त्यांच्यावर बसलेला माणूस उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाइतकाच धोक्यात असतो.